पाणी, क्षार आणि वेळ : द्रवोपचाराच्या अभ्यासाची प्रस्तावना

माणूस रुग्णालयात कोणत्याही कारणाने दाखल होवो, त्याच्या केसपेपरवर एक प्रश्न रोज सकाळी नव्याने सोडवावा लागतो. आज याला किती पाणी द्यायचे, त्यात कोणते क्षार असावेत आणि ते किती वेगाने जावे? हाड मोडलेला तरुण, बाळंतपणात रक्त गेलेली स्त्री, डायलिसिसवरचे आजोबा, जुलाबाने सुकलेले मूल, कोणीही या प्रश्नातून सुटत नाही. तरीही हा विषय कोणत्याच एका विभागाचा नाही. सर्जन तो शस्त्रक्रियेच्या ओघात शिकवतात, मूत्रपिंडतज्ज्ञ मूत्रपिंडाच्या अंगाने, बालरोगतज्ज्ञ वजनाच्या सूत्रांनी. सलाईनची ऑर्डर लिहायचे काम मात्र बहुतेक वेळा वॉर्डातल्या सर्वांत नव्या रेसिडेंटकडे येते आणि ती रात्रभर अमलात आणायचे काम सिस्टरकडे. सगळ्यांचा म्हणून कोणाचाच नसलेला हा विषय अनेकजण एकमेकांचे बघून शिकतात आणि कालची ऑर्डर आज पुन्हा उतरवून पुढे जातात.

ही प्रस्तावना अशा वाचकासाठी आहे, ज्याला ती ऑर्डर उतरवण्याआधी थांबून विचार करायचा आहे. तो रेसिडेंट असेल, नर्सिंगची विद्यार्थिनी असेल, तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणारा डॉक्टर असेल, किंवा आईच्या पलंगाशेजारी बसून बाटलीतले थेंब मोजणारा जिज्ञासू मुलगा असेल. विषय अवघड आहे अशी त्याची ख्याती आहे, पण ती पूर्ण खरी नाही. गणित शाळकरी आहे. अवघड आहे ते वेळेचे भान. किती कमी पडले आणि कुठून गेले, हे दोन प्रश्न विद्यार्थी लवकर शिकतो. हे सारे किती वेळात घडले आणि किती वेळात दुरुस्त करावे, हा तिसरा प्रश्न मागे राहतो. या शास्त्रातल्या बहुतेक यशांचे आणि बऱ्याच अपघातांचे मूळ त्या तिसऱ्या प्रश्नात आहे, असे माझे मत आहे. पुढचे सारे विवेचन त्याच धाग्याने जाते.

पाण्याचा हिशेब

साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात अंदाजे ३६ लिटर पाणी असते. स्त्रीच्या शरीरात ते प्रमाण थोडे कमी, म्हाताऱ्या माणसात आणखी कमी आणि नवजात बाळात बरेच जास्त. या ३६ लिटरपैकी सुमारे २४ लिटर पेशींच्या आत आणि १२ लिटर बाहेर असते. त्या बाहेरच्या १२ पैकी रक्तद्रव जेमतेम तीन लिटर. आपण सुईने रक्त काढतो, प्रयोगशाळेत पाठवतो आणि सोडियम-पोटॅशियमचे आकडे वाचतो, ते या तीन लिटरांचे. उरलेल्या ३३ लिटरांत काय चालले आहे याचा अंदाज बांधणे, हेच या विद्येचे मुख्य काम.

बाहेरच्या पाण्यात सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल आणि पोटॅशियम फक्त ३.५ ते ५ मिलिमोल. पेशींच्या आत बरोबर उलटे. तिथे पोटॅशियम सुमारे १४० आणि सोडियम अगदी थोडे. ही तफावत आपोआप टिकत नाही. पेशीच्या आवरणातले एक विकर ऊर्जा खर्च करून दर फेरीला तीन सोडियम बाहेर काढते आणि दोन पोटॅशियम आत घेते. डेन्मार्कचे येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये ते शोधले आणि त्यासाठी १९९७ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. मज्जातंतूतून जाणारा प्रत्येक संदेश आणि हृदयाचा प्रत्येक ठोका या तफावतीवर चालतो. म्हणून पोटॅशियममधला दोन-तीन मिलिमोलचा फरक जिवावर बेतू शकतो.

बाहेरचा हिशेब मूत्रपिंडे सांभाळतात. ती दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळे परत घेतात. त्या गाळलेल्या द्रवात जवळजवळ दीड किलो मीठ असते आणि लघवीत जाते ते आपण खाल्ले तेवढेच, काही ग्रॅम. इतके काटेकोर यंत्र असताना डॉक्टरांनी लुडबूड करावी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. निरोगी माणसात करूही नये. रुग्णालयातला माणूस मात्र वेगळा असतो. त्याला तहान सांगता येत नाही, किंवा तोंडाने काही घ्यायची परवानगी नसते. वेदना, मळमळ, शस्त्रक्रिया, न्यूमोनिया यांमुळे त्याच्या शरीरात पाणी धरून ठेवणारे संप्रेरक गरज नसताना स्रवत राहते. त्याच्या नाकातल्या नळीतून, पोटातल्या ड्रेनमधून, घामातून काय जाते आहे ते त्याच्या शरीरालाही वेळेवर कळत नाही.

एका आकड्याचे तीन अर्थ

सोडियमचा आकडा शरीरात मीठ किती आहे हे सांगत नाही. मिठाच्या तुलनेत पाणी किती आहे, एवढेच तो सांगतो. मीठ एकंदर किती आहे, हे रुग्णाच्या अंगावर वाचावे लागते: पायावरची सूज, मानेतली शीर, रक्तदाब, जिभेचा ओलावा, उभे राहिल्यावर येणारी चक्कर.

समजा तीन रुग्णांचा अहवाल एकच आहे, सोडियम १२२. पहिली बाई तीन दिवस जुलाब-उलट्यांनी हैराण आहे. मीठ आणि पाणी दोन्ही गेले आणि तिने वरून साधे पाणी प्यायले. दुसऱ्या गृहस्थांचे हृदय कमजोर आहे, पाय सुजलेले आहेत. त्यांच्या अंगात मीठ जास्तच आहे, पण पाणी त्याहून जास्त झाले आहे. तिसऱ्या माणसाला फुफ्फुसाचा विकार आहे, अंगाला सूज नाही, रक्तदाब ठीक आहे, फक्त ते संप्रेरक नको तेव्हा स्रवते आहे. पहिलीला सलाईन हवे. दुसऱ्यांना पाणी मोजून द्यायचे आणि लघवीचे औषध द्यायचे. तिसऱ्याला सलाईन दिले तर त्याची मूत्रपिंडे त्यातले मीठ घट्ट लघवीतून बाहेर टाकतात, पाणी आत ठेवतात आणि सोडियम आणखी घसरते. आकडा एक, उपचार तीन, आणि त्यातला एक उलटला तर अपायकारक. म्हणून झटक्यांसारखी तातडी नसेल, तर सोडियम कमी दिसल्यावर लघवीतले सोडियम आणि लघवीची घनता पाहिल्याशिवाय बाटलीला हात लावू नये.

कॉलऱ्याने शिकवलेले धडे

हे शास्त्र कॉलऱ्याच्या साथीत जन्माला आले. १८३१ च्या अखेरीस कॉलरा इंग्लंडच्या सुंदरलँड बंदरात पोचला, तेव्हा विल्यम ओशॉनेसी नावाचा विशीतला आयरिश डॉक्टर तिथे गेला. त्याने रुग्णांच्या रक्ताचे पृथक्करण केले. रक्तातले पाणी आणि क्षार निघून गेले आहेत, ते परत द्यायला हवेत, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या लीथ येथे थॉमस लाटा यांनी तो प्रत्यक्षात आणला. मरणाच्या दारातल्या एका वृद्धेच्या शिरेत त्यांनी मिठाचे पाणी सोडले. तिचे गार पडलेले अंग गरम झाले, नाडी हाताला लागली, ती बोलू लागली. लाटा तिला तिथल्या सर्जनच्या स्वाधीन करून गेले. जुलाब पुन्हा सुरू झाले, द्रव मात्र पुन्हा दिला गेला नाही आणि काही तासांत ती गेली. गेलेले भरून काढणे पुरेसे नसते, जात असलेलेही भरत राहावे लागते, हा पहिला धडा त्या मृत्यूने दिला. लाटा स्वतः १८३३ मध्ये वारले आणि त्यांची पद्धत अनेक दशके अडगळीत पडली. ओशॉनेसी हिंदुस्थानात आले आणि पुढे इथल्या तारयंत्राच्या उभारणीसाठी प्रसिद्ध झाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्स यांनी कोलकात्यात रक्ताची घनता मोजून त्या प्रमाणात शिरेतून मिठाचे द्रव दिले आणि कॉलऱ्याचे मृत्यू लक्षणीय घटवले. त्याआधी १८८० च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाच्या हृदयावर प्रयोग करत होते. नळाच्या पाण्यात केलेल्या द्रवात हृदय तासन्‌तास चाले, शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात केलेल्या द्रवात थांबे. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता. १९३० च्या दशकात अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्सिस हार्टमन यांनी रिंगरच्या द्रवात लॅक्टेट घातले. आपल्या वॉर्डातली आरएलची बाटली ती हीच.

या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा आपल्याच देशात घडला. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली होती. कोलकात्याचे हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी तर १९५३ मध्येच तोंडाने दिलेल्या द्रवाने कॉलऱ्याचे रुग्ण बरे केल्याचे प्रसिद्ध केले होते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, शिरेतून द्यायच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटे करवून घेतली, पिंपांत द्रव कालवला आणि तो पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. जो द्रव हळूहळू, घोटाघोटाने जातो, तो आतडे स्वीकारते आणि रुग्ण स्वतःच्या तहानेने मात्रा ठरवतो. आजच्या ओआरएसमध्ये लिटरमागे सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल असतात. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेले हे प्रमाण आधीच्यापेक्षा सौम्य आहे. ज्याला पिता येते त्याला शिरेतून देऊ नये, हा नियम कितीही जुना असला तरी रोज आठवावा असा आहे.

सोडियम : घाई कधी, धीर कधी

रुग्णालयातल्या रुग्णांत सर्वाधिक आढळणारा क्षारबिघाड म्हणजे सोडियम कमी होणे. त्याचा धोका आकड्याइतकाच तो बिघाड किती जुना आहे यावर अवलंबून आहे. सोडियम काही तासांत घसरले तर पाणी मेंदूच्या पेशींत शिरते, कवटीत जागा नसते आणि झटके येऊन श्वास थांबू शकतो. शस्त्रक्रियेनंतर पाच टक्के डेक्स्ट्रोज भरमसाट मिळालेली तरुण स्त्री किंवा मॅरेथॉनमध्ये पोटभर पाणी प्यायलेला धावपटू, ही याची उदाहरणे. इथे तीन टक्के सलाईनचे १०० ते १५० मिलिलिटर लगेच द्यावे लागते आणि सोडियम चार ते सहा मिलिमोलने वाढले की बहुधा संकट टळते. वाट पाहणे हाच इथला धोका.

तेच सोडियम दोन दिवसांहून अधिक काळात हळूहळू उतरले असेल, तर मेंदूने आपल्या पेशींतले विद्राव्य पदार्थ बाहेर टाकून जुळवून घेतलेले असते. अशा रुग्णाचे सोडियम झटपट वाढवले तर पेशी आकसतात आणि चेतातंतूंवरचे आवरण झिजते. रेमंड अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये हा विकार वर्णिला. तो कपटी आहे. दुरुस्तीनंतर रुग्ण आधी सुधारतो, सगळे निर्धास्त होतात आणि दोन ते सहा दिवसांनी त्याचे बोलणे अडखळते, गिळता येत नाही, हातपाय जातात. म्हणून २४ तासांत आठ ते दहा मिलिमोलपेक्षा जास्त वाढ होऊ देऊ नये असा प्रघात आहे. कुपोषित, दारूच्या आहारी गेलेले, यकृताचे विकार असलेले आणि पोटॅशियमही कमी असलेले रुग्ण यांच्या बाबतीत आठच्या पुढे जाऊ नये.

रक्तदाबासाठी थायझाइड घेणारी सत्तरीची बाई हे आपल्याकडचे नेहमीचे उदाहरण. अशक्तपणा, भ्रम, जेवण कमी, सोडियम ११२. गोळी बंद केली, थोडे सलाईन दिले की संप्रेरकाचा लगाम सुटतो, लघवी पाण्यासारखी धो-धो येते आणि डॉक्टरांनी काही न करता सोडियम उसळते. इथे रक्ताच्या अहवालाआधी लघवीची पिशवी बोलते. तासाला २०० मिलिलिटर लघवी दिसली की सिस्टरने रेसिडेंटला उठवायचे आणि गरज पडली तर डेक्स्ट्रोज व डेस्मोप्रेसिन (त्या संप्रेरकासारखे काम करणारे औषध) देऊन सोडियम थोडे मागे आणायचे.

ही मर्यादा किती कडक असावी, यावर आज पुन्हा वाद आहे. गेल्या काही वर्षांत निरीक्षणावर आधारलेल्या काही अभ्यासांनी दाखवले की आवरणाचा तो विकार क्वचितच होतो आणि अति सावकाश दुरुस्ती झालेल्या रुग्णांत मृत्यू जास्त दिसतात. पण सावकाश दुरुस्ती झालेले रुग्ण मुळातच अधिक आजारी असू शकतात. हा गुंता निरीक्षणाने सुटत नाही. वाचकाने दोन्ही बाजू वाचाव्यात आणि समोरच्या रुग्णात कोणता धोका मोठा आहे हे ठरवावे.

पोटॅशियम : मिनिटांचा मामला

सोडियमने धीर शिकवला, तर पोटॅशियम घाई शिकवते. पोटॅशियम वाढले की ईसीजीत टी लहर उंच आणि टोकदार होते, मग क्यूआरएस रुंदावतो आणि शेवटी हृदय थांबते. उपचाराचे तीन टप्पे आहेत आणि प्रत्येकाचे घड्याळ वेगळे. कॅल्शियम ग्लुकोनेट काही मिनिटांत हृदयाला संरक्षण देते, पण पोटॅशियम एका कणानेही कमी करत नाही आणि त्याचा परिणाम तासाभरात ओसरतो. ग्लुकोजसह दिलेले इन्सुलिन पोटॅशियमला काही तासांपुरते पेशींत ढकलते. या काळात आणि नंतरही साखर खाली जाते, म्हणून ती तासातासाला पाहावी लागते. शरीराबाहेर पोटॅशियम नेतात ते लघवीचे औषध, आतड्यात पोटॅशियम धरणारी पूड किंवा डायलिसिस. पहिल्या टप्प्यावर ईसीजी सुधारला म्हणून जो तिसऱ्याची तयारी करत नाही, त्याला दोन तासांनी पुन्हा तेच संकट भेटते. मात्र रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी अहवालात पोटॅशियम वाढलेले दिसते. ईसीजी स्वच्छ असेल आणि रुग्ण बरा दिसत असेल, तर नमुना पुन्हा पाठवावा.

पोटॅशियम कमी असेल तेव्हा उलटा मोह होतो. दहा मिलिलिटरच्या नेहमीच्या केसीएलच्या अँप्यूलमध्ये सुमारे २० मिलिमोल पोटॅशियम असते. ती पातळ न करता शिरेत गेली तर हृदय जागच्या जागी थांबते. म्हणून जगभर अनेक रुग्णालयांनी तीव्र केसीएल वॉर्डाच्या उघड्या ट्रॉलीवरून हलवले आहे. हाताच्या शिरेतून तासाला १० मिलिमोल ही साधारण मर्यादा, त्याहून वेग हवा तर मॉनिटर हवा. भरपूर देऊनही पोटॅशियम वर येत नसेल तर मॅग्नेशियम तपासावे. ते कमी असताना मूत्रपिंड पोटॅशियम गळत राहते. मधुमेहातल्या कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये तर अहवालात पोटॅशियम व्यवस्थित दिसते आणि शरीरातला साठा रिकामा असतो. इन्सुलिन सुरू होताच ते पेशींत शिरते आणि आकडा कोसळतो. अहवाल त्या क्षणाचा असतो. पुढच्या दोन तासांत काय होणार हे डॉक्टरने आधी ओळखायचे असते.

कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट यांना सहसा शेवटचे पान मिळते, पण त्यांच्याही गाठी वेळेशीच आहेत. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांत ओठांभोवती मुंग्या आल्या तर कॅल्शियम पाहावे. कॅल्शियमचा मोठा भाग अल्ब्युमिनला चिकटलेला असल्याने अल्ब्युमिन कमी असताना एकूण आकडा फसवतो. गरोदरपणातल्या झटक्यांसाठी दिलेल्या मॅग्नेशियम सल्फेटच्या प्रत्येक मात्रेआधी गुडघ्याचा झटका, श्वासाची गती आणि लघवी पाहण्याची शिस्त अनेक मातांना वाचवते. दीर्घ उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर अन्न किंवा ग्लुकोज दिले तर पहिल्या काही दिवसांत फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जाऊन रक्तात तुटवडा पडतो. दुसऱ्या महायुद्धातून सुटलेल्या कैद्यांत यामुळे झालेले मृत्यू दिसले. आज हे संकट कर्करोगाच्या आणि आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात भेटते. अन्न हळूहळू वाढवणे आणि आधी थायमिन देणे, हाच त्यावरचा शहाणपणा.

बाटलीतले औषध

सलाईन हे औषध आहे. त्याला मात्रा आहे, दुष्परिणाम आहेत आणि ते थांबवण्याची वेळही आहे. ०.९ टक्के सलाईनच्या लिटरमध्ये नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे सोडियम आणि क्लोराइड प्रत्येकी १५४ मिलिमोल. रक्तात क्लोराइड सुमारे १०० असते. म्हणून लिटरवर लिटर दिले की क्लोराइड वाढते आणि रक्त आम्लधर्मी होते. दिलेल्या सलाईनचा एक चतुर्थांश भागच शिरांमध्ये टिकतो, बाकी ऊतींत जातो. पाच टक्के डेक्स्ट्रोजमधली साखर वापरली गेली की उरते निव्वळ पाणी, ते सगळ्या शरीरात पसरते आणि लिटरमधले शंभर मिलिलिटरही रक्तात राहत नाही. रक्तदाब पडलेल्या माणसाला ते देऊन काही हाती लागत नाही.

सलाईन की आरएल, हा वाद वॉर्डात वर्षानुवर्षे चालत आला. २०१८ च्या अमेरिकेतल्या ‘स्मार्ट’ चाचणीत रक्तासारखे क्षार असलेले द्रव मूत्रपिंडांसाठी किंचित बरे ठरले. ब्राझीलच्या २०२१ च्या ‘बेसिक्स’ आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २०२२ च्या ‘प्लस’ चाचणीत मृत्यूंच्या संख्येत ठळक फरक दिसला नाही. मेंदूला मार लागला असेल तर सलाईनच बरे, कारण आरएल थोडे पातळ असते. स्टार्चच्या महागड्या बाटल्यांचा निकाल मात्र स्पष्ट लागला. २०१२ च्या मोठ्या चाचण्यांनी त्यांचा मूत्रपिंडांना होणारा अपाय दाखवला. मुलांच्या बाबतीतही एक जुनी सवय बदलली. १९५७ मध्ये हॉलिडे आणि सेगर यांनी दिलेले सूत्र, पहिल्या दहा किलोंना किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या दहांना ५०, त्यापुढे २०, अजून वापरात आहे. पण त्यांनी सुचवलेले कमी मिठाचे द्रव आजारी मुलांत सोडियम धोकादायक पातळीवर नेतात हे दिसल्यावर २०१८ मध्ये अमेरिकन बालरोग अकादमीने रक्ताइतक्या मिठाच्या द्रवाची शिफारस केली.

२०११ च्या ‘फीस्ट’ चाचणीने सर्वांत मोठा धक्का दिला. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या ३,१४१ तापाने गंभीर मुलांपैकी काहींना सुरुवातीला झपाट्याने द्रव दिला आणि काहींना दिला नाही. झपाट्याने दिलेल्या गटांत दर शंभरी दहाहून अधिक मुले ४८ तासांत दगावली, न दिलेल्या गटात सुमारे सात. ज्या उपायाला सगळे जीवरक्षक समजत होते तो त्या परिस्थितीत अपायकारक निघाला.

आपल्याकडे पावसाळ्यात येणारा डेंग्यू हाच धडा दुसऱ्या वाटेने देतो. ताप उतरण्याच्या सुमारास केशवाहिन्या गळू लागतात आणि २४ ते ४८ तास रक्तातले पाणी बाहेर झिरपते. तेव्हा हिमॅटोक्रिट (रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण) पाहत मोजून द्रव द्यावा लागतो. मग गळती थांबते आणि झिरपलेले पाणी आपोआप रक्तात परतते. त्या वेळी बाटली चालूच राहिली तर फुफ्फुसांत पाणी साचते. एकच द्रव मंगळवारी जीव वाचवतो आणि गुरुवारी घेऊ शकतो.

आणि ज्याला यातले काहीच झालेले नाही, तोही दवाखान्यात येऊन म्हणतो, “डॉक्टर, फार अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा.” डीएनएसच्या, म्हणजे डेक्स्ट्रोज घातलेल्या सलाईनच्या, अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. ज्वारीची एक भाकरी त्याहून जास्त ऊर्जा देते. हे समजावून सांगण्यात पाच मिनिटे जातात, बाटली लावायला दोन पुरतात आणि तिचे पैसेही मिळतात. या विद्येचा हा सामाजिक भाग पाठ्यपुस्तकात येत नाही. तो डॉक्टरने आपल्या सचोटीने सोडवायचा असतो.

कसे शिकावे

या विषयात उपकरणे फार लागत नाहीत. रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर घेतलेले वजन हे द्रवाचे सर्वांत प्रामाणिक मोजमाप आहे. एका दिवसात वाढलेला एक किलो म्हणजे जवळपास एक लिटर पाणी. दुसरे साधन म्हणजे इनपुट-आउटपुट चार्ट. तो भरतात सिस्टर आणि तो खरा असेल तेवढीच ऑर्डर खरी असते. उलटी, ड्रेन, ओला झालेला चादरीचा भाग, तापाच्या घामाचा अंदाज, औषधे पातळ करायला वापरलेले द्रव, सगळे त्यात यायला हवे. अतिदक्षता विभागात औषधे पातळ करायचा हा द्रवच दिवसाला लिटरभर होतो आणि तो कोणी मोजत नाही. तिसरे साधन म्हणजे पुन्हा पाहणे. प्रत्येक ऑर्डरमध्ये द्रवाचे नाव, मात्रा आणि वेग यांच्याबरोबर पुढच्या तपासणीची वेळ लिहावी. ‘आरएल १०० मिलिलिटर तासाला, सहा तासांनी लघवी आणि फुफ्फुसे पाहून पुढे’ ही ऑर्डर पूर्ण आहे. ‘आरएल तीन बाटल्या’ ही अर्धी आहे.

नव्या वाचकाने आधी पाण्याचे कप्पे, मग सोडियम, मग पोटॅशियम आणि शेवटी आम्ल-अल्काचा तोल, या क्रमाने जावे. सूत्रे पाठ करण्याआधी ती कोणत्या गृहीतकांवर उभी आहेत ते समजून घ्यावे. सोडियमच्या तुटीचे कोणतेही सूत्र पुढे किती लघवी होणार हे जाणत नाही. म्हणून सूत्राने सुरुवात करावी आणि अहवालाने दुरुस्त करावी.

या क्षेत्रात अजून पुष्कळ काम बाकी आहे आणि त्यातले बरेच आपल्या वाट्याचे आहे. ज्या चाचण्यांवर आज मार्गदर्शक तत्त्वे उभी आहेत, त्यातल्या बहुतेक श्रीमंत देशांतल्या अतिदक्षता विभागांत झाल्या. व्हेंटिलेटर नसलेल्या रुग्णालयात तीच तत्त्वे उलटू शकतात, हे ‘फीस्ट’ने दाखवले. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात राबणाऱ्या मजुराने किती आणि काय प्यावे? रात्री प्रयोगशाळा बंद असलेल्या ग्रामीण रुग्णालयात केवळ ईसीजी आणि लघवीवर कुठवर जाता येते? या प्रश्नांची उत्तरे बाहेरून येणार नाहीत. महाडच्या परिसरात विंचूदंशाने फुफ्फुसांत पाणी भरून मुले दगावत होती. डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी तिथल्या साध्या रुग्णालयात, पलंगाशेजारी बसून, तासातासाच्या नोंदी ठेवल्या आणि १९८० च्या दशकात प्राझोसिनचा उपाय ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडला. त्यासाठी लागले ते रुग्ण, घड्याळ आणि प्रामाणिक नोंदवही. हे तिन्ही ज्याच्याजवळ आहे, त्या प्रत्येक वाचकाचे या विषयात स्वागत आहे. तो नुसता शिकायला आलेला नाही, या शास्त्राला त्याच्या नोंदींचीही गरज आहे.